ते वऱ्हाड नव्हते

पोशेऱ्याच्या वरच्या खिंडीत, मोखाड्याकडे जाणाऱ्या जुन्या गाडीवाटेला लागून, अकरा उभे दगड आहेत. त्यांच्याजवळ आता एक रंगवलेला फलक लागला आहे. 'वऱ्हाडाचे दगड' असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि खाली दहा-बारा ओळींत कथा आहे. एका वऱ्हाडाने वाटेतल्या साधूची थट्टा केली, साधूने शाप दिला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले. उंच दगड तो नवरदेव, शेजारचा बारीक तो नवरी, आणि बाजूला तिरका झुकलेला रुंद दगड ती रुसलेली वरमाय.

ही कथा खोटी आहे. मी हे खात्रीने सांगतो, कारण ती मी रचली.

ज्या हौशी तरुणांनी तो फलक लावला त्यांना मी पत्र पाठवले. त्यांचे उत्तर आले, फार गोड उत्तर. 'आजोबा, गोष्ट लोकांना आवडते. मुलाबाळांसह येतात, फोटो काढतात. तुम्ही म्हणता त्याला पुरावा काय?' पुरावा मी आहे. ज्याने खोटे केले तोच सांगतो आहे, याहून कोणता पुरावा हवा? घरातही सगळे म्हणतात, या वयात कशाला, राहू द्या. मी राहू देणार नाही. एकदा राहू दिले होते. त्या राहू देण्याने एका बाईचे काय झाले ते या कागदावर लिहितो. फलक लावणाऱ्यांनी वाचावे अगर वाचू नये.

त्या बाईचे नाव बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. तिच्या पाड्यात अशी नावे असतात.

जव्हार तेव्हा संस्थान होते. माझे वय चोविसाच्या आसपास. नाशिककडून मी नोकरीसाठी तिथे गेलो होतो. नोकरी दरबारी नव्हती. एका लाकूड ठेकेदाराने गावाबाहेर स्वतःच्या हौसेने पाहुण्यांसाठी बंगला बांधला होता. त्याला आम्ही शेठ म्हणत असू. मुंबई-पुण्याची मोठी माणसे थंड हवेसाठी, शिकारीसाठी, किल्ला नाहीतर धबधबा पाहायला येत, तेव्हा बहुतेक शेठच्या बंगल्यात उतरत. त्यांची उठबस करणे, डोल्या आणि गाड्या ठरवणे, कुठे काय पाहण्यासारखे आहे ते सांगणे हे माझे काम. मोखाडा-सूर्यमाळ बाजूला जायचे तर वाटाड्या लागे. तो शिडवा नावाचा माणूस होता. एकदा तो एका शिकारी पार्टीबरोबर खाली घाटापलीकडे गेला आणि तिकडेच तापाने वारला. ही बातमी बंगल्यावर पोचायच्या आधी आमचा निरोप त्याच्या पाड्यावर गेला होता की उद्या पाहुणे आहेत, वाटाड्या पाठव.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीशी एक बाई उभी. बुटकी, काळी, गुडघ्यावर आवळलेले लुगडे, कमरेला मागे लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता, खांद्याला पाण्याचा भोपळा.

"शिडवा कुठे आहे?" मी विचारले.

"शिडवा मेला. मी हाय. त्याची बायको."

"अगं पण वाटाड्या हवा आहे."

"वाट काय त्यानं संगं नेली?"

पाहुणे घोड्यावर बसून तयार होते, म्हणून मी तिला पाठवले. संध्याकाळी पाहुणे परत आले ते तिचेच नाव घेत. तेव्हापासून ती आमची वाटाडी. तिचे वय तेव्हा चाळिशीचे असेल. नेमके तिलाही माहीत नव्हते. कोणी विचारलेच तर म्हणे, "डोंगर माझ्याआधीचा, पोरं माझ्यामागची. मधी कुठंतरी मी."

ती ओझे घेत नसे. पहिल्याच आठवड्यात एका बाईसाहेबांनी आपली छत्री आणि फराळाचा डबा तिच्या पुढे धरला. बुधीने त्या दोन्ही वस्तूंकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "वाट दाखवाया आले. हमाल पाहिजे तं हमाल बोलव." आणि चालू लागली. बाईसाहेब डबा धरून उभ्या. शेवटी तो मी घेतला.

अंतर ती कोसात सांगत नसे. "अर्धी भाकर जिरल इतकी वाट," असे सांगे. चढ असला तर "आख्खी भाकर, आन वर पाणी." पाहुणे हसत, पण संध्याकाळी कबूल करीत की भाकरीचा हिशेब चुकला नाही. तिची बोली मला जशीच्या तशी उतरवता येत नाही. घरची भाषा वेगळी होती. आमच्याशी बोलायला तिने बाजारातून उचललेली मराठी होती आणि ती मराठी तिने स्वतःच्या सोयीने वाकवली होती. त्या मराठीत अहो-जाहो नव्हते. लहान मूल, शेठ, हायकोर्टाचा वकील, सगळ्यांना 'तू'. शेठने एकदा मला बजावले, "दत्तोपंत, तिला शिकवा जरा. पाहुण्यांना आपण म्हणायला सांगा."

मी सांगितले. तिने विचार केला. "आपण म्हंजे मीबी आन तोबी. 'आपण कवा जेवणार' असं इचारलं तं मीबी जेवाया बसायची. चालंल तुझ्या शेठला?"

मी तो विषय परत काढला नाही.

पुण्याचे एक वकील इतिहासाचे मोठे वेडे होते. वहीत टिपणे काढीत. भूपतगडावर जाताना प्रत्येक टाके, प्रत्येक चौथरा दिसला की विचारत, "इथे शिवाजी महाराज आले होते का? इथे बसले असतील का?" बुधी म्हणाली, "मी नव्हते तवा." वकील म्हणाले, "अगं, तुमच्यात काही सांगत असतील की. जुने लोक काय सांगतात?" ती म्हणाली, "जुने लोक सांगत, ह्या टाक्यात पाणी चैतापावेतो ऱ्हातं." वकिलांना हे टिपण्यासारखे वाटले नाही. पुढे दुपारी त्यांच्या कातडी पिशवीतले पाणी संपले. तो चैत्रच होता, आणि त्या टाक्यात पाणी होते. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतले. बुधीने मान वाकडी करून वहीत पाहिले. तिला वाचता येत नव्हते. तरी म्हणाली, "आता बरोबर लिवलंस."

तिचा एक प्रश्न ठरलेला असे. एखादा पाहुणा फारच बडबड करू लागला, काशी पाहिली, विलायत पाहिली असे सांगू लागला, की ती थांबे आणि विचारी, "बघाया आलास का दाखवाया?" हा प्रश्न मी तिला एका न्यायाधीशालाही विचारताना ऐकले आहे. न्यायाधीश थोडा वेळ लाल झाले आणि नंतर पुढचा सगळा रस्ता गप्प चालले. बंगल्यावर आल्यावर मला म्हणाले, "फार वर्षांनी माझी कोणी तरी उलटतपासणी घेतली."

सूर्यमाळची हकिकत सांगितल्याशिवाय बुधी कळणार नाही. वैशाखात एक बॅरिस्टर तिथली हवा पाहायला गेले. मीही बरोबर होतो. हवा उत्तम होती, पाणी मात्र कुठेच नव्हते. पाड्याच्या खाली खडकात एक झिरा होता. खळग्यात थेंबथेंब पाणी साचे, ते नारळाच्या नरोटीने हंड्यात भरायचे. एक हंडा भरायला जेवण होऊन जाईल इतका वेळ. पहाटेपासून बायका रांगेत बसत. बॅरिस्टरांनी स्नानाला पाणी मागितले. मी पाड्यावरच्या एका बाईचा भरलेला हंडा उचलायला हात घातला. पाहुण्यांचे काम म्हटले की असा हात घालायची मला सवय झाली होती. बुधीने माझ्या मनगटावर हात ठेवला. मारला नाही, नुसता ठेवला.

"तो काशीचा हंडा हाय. ती कोंबडं आरवायच्या आधी आली."

"अगं, साहेबांना स्नान करायचं आहे."

"करूं दे की. लाइनीत बस म्हणावं. काशीच्या मागं पारू, पारूच्या मागं तुजा साहेब."

मला वाटले, आता नोकरी गेली. बॅरिस्टर मात्र मोठा माणूस निघाला. तो खरोखर जाऊन खडकावर बसला, पारूच्या मागे. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "ह्याची मिशी भिजल इतकं पाणी मिळल बघ." पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. त्याने नरोटीने एक तांब्या भरला, हातपाय धुतले नाहीत, तो तांब्या प्यायला आणि उठला. मुंबईला गेल्यावर त्याने शेठला पत्र पाठवले की जव्हार प्रांतात पाहण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती तुमची वाटाडी. शेठने ते पत्र मला वाचायला दिले आणि तिला सांगू नका म्हणाला. मी सांगितले नाही. तिच्या वाट्याच्या गोष्टी तिला न सांगण्याची सवय मला अशीच लागत गेली.

आता दगड.

पोशेऱ्याच्या खिंडीतून जाताना बुधी प्रत्येक वेळी एक हिरवी डहाळी तोडी, त्या दगडांपाशी ठेवी आणि न थांबता पुढे जाई. पाहुण्यांनी विचारले तर ऐकू न आल्यासारखे करी. एकदा एक मोठे कुटुंब आले होते, लेकीसुना, जावई. जावई चौकस. "अहो, हे दगड कसले? कोणी रोवले?" बुधी पुढे निघून गेली होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला माहीत नाही असे म्हणायची लाज वाटली. पाहुण्यांना माहिती देणे हेच माझे काम होते ना! मी म्हणालो, "याची एक दंतकथा आहे." आणि चालता चालता वऱ्हाड, साधू, शाप, सगळे जुळवले. आमच्या नाशिककडे अशा गोष्टी पुष्कळ. एखाद्या डोंगराचे नाव बदलायचे, बाकी तसेच. तिरक्या दगडाला रुसलेली वरमाय म्हटल्यावर बायका इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. जावई म्हणाले, "फार सुंदर! हे छापले पाहिजे."

शेठने छापले. पाहुण्यांसाठी सोळा पानांची पुस्तिका, त्यात भूपतगड, दाभोशाचा धबधबा, आणि 'वऱ्हाडाचे दगड'. लेखक म्हणून माझे नाव. ती पुस्तिका मी घरी आईला पाठवली. तिने देव्हाऱ्यात ठेवली.

लोक पुस्तिका हातात धरून खिंडीत येऊ लागले. वरमायेपाशी थांबून हसत. तिच्या डोक्यावर टोपी ठेवून फोटो काढत. कोणी तिला कुंकू लावले. बुधी डहाळी ठेवून पुढे जाई. ती काही बोलत नव्हती म्हणून तिला काही वाटत नसेल असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी एका पाहुण्याने तिला थांबवले आणि पुस्तिकेतला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, वर म्हणाला, "बघ, तुझ्या गावची गोष्ट तुलाच ठाऊक नाही!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते, तरी ती बंगल्यावर आली. व्हरांड्यात माझ्या टेबलासमोर जमिनीवर बसली.

"कारकुना, तू वऱ्हाड कवा बघितलंस?"

मी हसण्यावारी न्यायला पाहिले. ती हसली नाही.

मग तिने सांगितले. घरी मेलेल्या माणसाची राख घरच्यांना ठाऊक असते. दूर मेला तर त्याचा जीव वाट शोधत माघारी येतो. आला तर थांबणार कुठे? म्हणून घरच्यांनी नदीवर जायचे, त्या माणसाच्या बेताचा दगड निवडायचा, तो खांद्यावरून खिंडीत आणायचा आणि घराकडे तोंड करून रोवायचा. नियम एकच. नदीतून उचलल्यापासून रोवेपर्यंत दगड जमिनीला टेकायचा नाही. खांदे बदलायचे, पण टेकवायचा नाही. जिथे टेकला तिथलाच तो जीव होतो, मग घरी येत नाही.

"त्यो वाकडा रुंद हाय ना, ज्याला तू वरमाय केलंस, त्यो शिडवा हाय. आठ जणांनी आणला वाघ नदीवरनं. मीबी खांदा दिला."

इतक्या दिवसांत त्या दगडावर ठेवलेल्या टोप्या मला आठवत होत्या.

"अकरा हायेत. मी नावं सांगते. तू लिव."

तिने एकेक नाव सांगितले, कोण कुठे मेला तेही. मी लेखणी हातात घेऊन बसलो होतो, पण लिहिले नाही. तिला वाटले लिहितो आहे. आज मला सात आठवतात. जान्या, लाकडे वाहताना पुरात गेला. सोमी, खाली मिठागरात. काकड्या आणि लहानू, भाऊभाऊ, रेल्वेच्या कामावर. मंगळ्या, मुंबईला गेला तो कळलाच नाही. धर्मी, बाळंतपणात, माहेरच्या वाटेवर. आणि शिडवा. चार नावे माझ्याजवळ नाहीत.

"आता पुस्तकात घाल," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी छापतील तेव्हा घालीन."

"घालशील ना?"

"घालीन म्हटलं ना."

मी शेठपाशी विषय काढलाही होता. शेठ म्हणाला, "दत्तोपंत, लोक इथं मजा करायला येतात. मढ्यांची यादी वाचायला कोण येईल?" मी मान हलवली. पुस्तिका पुन्हा छापली गेली ती तशीच. इतकेच नव्हे, रुसलेल्या वरमायेचे एक चित्रही घातले. काढले मीच.

त्या पावसाळ्यानंतर मुंबईचे एक धनिक उतरले. त्यांना जुन्या वस्तू जमवायचा नाद. त्यांच्या बागेत म्हणे देवळांचे खांब, तोफा, वीरगळ असे सगळे मांडलेले होते. पुस्तिका वाचून ते खिंडीत गेले आणि वरमायेवर भाळले. बागेच्या फाटकाशी हीच उभी करायची. शेठला वनाचा ठेका होता. तो म्हणाला, रानातला दगड तो काय, घेऊन जा. दरबाराला विचारायची कोणाला गरज वाटली नाही. विचारले असते तर कदाचित सगळे वेगळे झाले असते. पाड्यावरचा कोणी दगडाला हात लावणार नाही हे माहीत असल्याने शेठने किनाऱ्याकडचे हमाल पाठवले.

पुढचे मी हमालांकडून ऐकले. बुधी खिंडीत पोचली तेव्हा दगड खणून फळीवरून थेट गाडीवर घेतलेला होता. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने एकच विचारले, "भुईला टेकला का?" हमाल म्हणाले, नाही. "मंग ठीक हाय," असे म्हणून ती गाडीवर चढली आणि दगडावर बसली.

दुपारी गाडी बंगल्याच्या आवारात आली ती तशीच. वर बुधी. शेठ, धनिक, पाहुणे, खानसामा, सगळे बाहेर आले.

"खाली उतर," शेठ म्हणाला.

"उतरते. दगड उतरवू नको."

"हा दगड साहेबांनी घेतला आहे."

"हा माजा घोव हाय. कोणी घेतला?"

धनिक जरा गोंधळले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी विचारले, "हे काय म्हणते आहे? तुमच्या पुस्तकात तर..."

शेठ माझ्याकडे वळला. "दत्तोपंत, तुम्ही लिहिलेलं आहे ना? सांगा साहेबांना. हा दगड कोणाचा आहे, देवाचा आहे, मयताचा आहे, असं काही तुमच्या कानावर आहे का?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. बुधीही. ती विनवणी करीत नव्हती. बोलण्याची माझी पाळी आहे, एवढेच तिच्या चेहऱ्यावर होते.

"कारकुना, सांग. मी तुला नावं दिली. तू लिवलीस."

मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही. पुस्तकात आहे तेवढंच मला ठाऊक आहे."

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा मनाशी म्हणून पाहिले असेल! लग्नात, मुलांच्या मुंजीत, आईच्या दहाव्याला. त्याला दुसरा कोणताही अर्थ लावता येत नाही. मी खोटे बोललो. नोकरीसाठी बोललो असे म्हणायलाही जागा नाही. खरे सांगितले असते तर शेठने कदाचित शिवी दिली असती, काढले नसते. माझी गोष्ट खोटी ठरेल याची मला भीती वाटली. झाले ते एवढेच.

बुधीने माझ्यावरची नजर काढली आणि शेठला म्हणाली, "त्याला आठवत नाय तं नाय आठवत. माना आठवतं."

शेठने हमालांना दगड उतरवायला सांगितले. ते पुढे झाले आणि थांबले. दगडावर बाई बसलेली. तिला हात लावायचा कोणी? बुधीने कोयता आकडीतून काढला नव्हता. काढायची गरज नव्हती. बैल सोडले, गाडीला टेकू दिले, आणि दगड गाडीवरच राहिला.

तीन दिवस राहिला. तीही राहिली. पाड्यावरची एक मुलगी नागलीची भाकरी आणून देई. त्या दिवसांत बंगल्यावर पाहुणे भरपूर होते. येणारा-जाणारा विचारी, ही बाई गाडीवर का बसली आहे? आणि बुधी, जिने इतके दिवस त्या दगडांविषयी कोणाला अक्षर सांगितले नव्हते, ती आता प्रत्येकाला सांगत होती. शिडवा कोण, कसा चाले, कुठे मेला, दगड कसा आणला. एक म्हातारे गृहस्थ पुस्तिका हातात घेऊन तिच्यापुढे उभे राहिले. ती म्हणाली, "त्यात काय लिवलंय ते त्या कारकुनाला इचार. काय घडलं ते माना इचार." मी खिडकीच्या आत होतो. मला ऐकू येईल अशा आवाजात ती बोलत होती असे मात्र नाही. ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती.

तिसऱ्या दिवशी धनिकांनी सामान बांधले. जाताना शेठला म्हणाले, "मला फाटकाशी दगड हवा होता. ही बाई मला रोज तिथे दिसली असती." शेठने दोष मला दिला. पुस्तिकेतच नीट लिहायला हवे होते म्हणाला!

चौथ्या दिवशी सकाळी पाड्यावरची माणसे आली. वासे आणि दोर घेऊन आठ जण, आणि खांदे बदलायला चार. दिवसभराची चढाची वाट, कुठेही न टेकवता. मी व्हरांड्यात उभा होतो. दगड वाशांना बांधून झाल्यावर बुधी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कारकुना, तुझ्या तोंडानं खाली आला. तुझ्या खांद्यानं वर जाऊ दे. निदान वेशीपावेतो."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला शेठ चहा पीत होता. मी म्हणालो, "मला काम आहे."

"बरं," ती म्हणाली. मग ती स्वतः वाशाखाली गेली आणि खांदा लावला. तिची उंची कमी, म्हणून तिच्या खांद्यावर कोणीतरी लुगड्याची चुंबळ ठेवली. दगड उचलला गेला. नंतर ऐकले की तो कुठेही टेकला नाही.

ती बंगल्यावर पुन्हा आली नाही. शेठने दुसरा वाटाड्या ठेवला. तो पाहुण्यांना वरमाय दाखवी. मी वर्षभराने नाशिकला परतलो, तिथे पेढीवर लागलो, संसार केला.

संस्थान विलीन झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी मोखाड्याला गेलो. बाजाराचा दिवस होता. कंदांचे वाटे मांडून ती बसली होती. केस पांढरे, बाकी तीच. मी समोर उकिडवा बसलो. तिने ओळखले.

"मोठा झालास कारकुना. पोट सुटलं."

मी म्हणालो, "बुधीबाय, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"ठावं हाय."

"तू मला सगळं सांगितलं होतंस."

"ठावं हाय ना. समद्यांना ठावं व्हतं. तुझ्या शेठलाबी. त्या बागवाल्यालाबी. तुजं तोंड बघितलं तं कोणालाबी कळलं असतं."

इतकी वर्षे मला वाटत होते की माझ्या खोट्यावर लोकांनी विश्वास ठेवला. कोणी ठेवला नव्हता. त्यांना ते फक्त सोयीचे होते.

"मग तू मला कधी काही बोलली का नाहीस?"

"तुलाबी ठावं व्हतं. तुला काय सांगू?"

मी वही काढली. "नावं परत सांग. अकराही. या वेळी लिहितो."

तिने वहीकडे पाहिले. "बाजारात मेल्याचं नाव घेत नाय. वर चल. तितं सांगते, एकेकापाशी उभं करून."

"आता?"

"मंग कवा?"

माझी गाडी चार वाजता होती. मी तिला तसे सांगितले, पुढच्या वेळी नक्की येईन असेही सांगितले. तिने मान हलवली, रागाने नाही. माझ्या बोलण्यातले तिला नवीन असे काही नव्हते. उरलेले कंद पाटीत भरले, मिठाची पुडी घेतली आणि पोशेऱ्याच्या रस्त्याला लागली.

मी गाडीत बसलो. खिडकीतून रस्ता दिसत होता. बाजाराच्या टोकाला एका तरुणाने तिला थांबवले. पाठीला पिशवी, पायात बूट, हातात कागद, कुठल्यातरी शहरातला फिरायला आलेला. तो तिला काहीतरी विचारत होता, कागदावर बोट ठेवत होता. तिने कागद पाहिला नाही. डोंगराकडे हात केला, दोन शब्द बोलली आणि चालायला लागली. तो क्षणभर थांबला. मग त्याने कागद घडी करून खिशात घातला, आणि माझी गाडी वळण्याच्या आधी तो तिच्या मागोमाग चढाला लागला होता.